डावा कौल

मथुरा,

बावीस वर्षांच्या संसारात मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. तू माहेरी गेलीस तरी चार दिवसांत परत यायचीस, मग पत्र कशाला? आणि आपल्याकडे बायकोला नावानं हाक मारायची रीत नाही. मी ‘अगं’ म्हणायचो, तू ‘अहो’. आज वर तुझं नाव लिहिलं आणि कुणा परक्या बाईचं लिहावं तसं वाटलं. बघ, इथूनच सुरुवात आहे.

मागच्या रविवारी तुझं वर्षश्राद्ध झालं. तुझी आक्का सुरगाण्याहून पहाटेच्या जीपनं आली. वर्षभर ती माझ्याशी बोललेली नव्हती. त्या दिवशीही आली ती सरळ स्वयंपाकघरात गेली. जेवणं झाली, मंडळी पांगली, तेव्हा ती बाहेर पायरीवर येऊन बसली आणि मला म्हणाली, बसा. मग तिनं मला जे सांगितलं ते तुला ठाऊकच आहे, कारण तूच ते तिला सांगितलं होतंस. मलाच तेवढं बारा वर्षं ठाऊक नव्हतं.

तुझ्या चेहऱ्यावरचं गोंदण काढायचं ऑपरेशन कुणी ठरवलं, त्याबद्दलची ती गोष्ट. मी सगळ्यांना सांगत आलो की तिलाच हौस होती. तुझ्या आईला सांगितलं, भावांना सांगितलं, आपल्या पोराला, किरणला सांगितलं. तू शेजारी उभी असायचीस आणि मान खाली घालायचीस. लोकांना वाटायचं, लाजली. मलाही कधीकधी तसंच वाटायला लागलं होतं. खोटं पुष्कळ वेळा बोललं की माणूस स्वतःच त्याचा साक्षीदार होतो.

म्हणून आज सगळं सुरुवातीपासून लिहितो.

लग्नात तुझा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो हळद उतरल्यावर. कपाळावर चंद्रकोर, तिच्याखाली तीन ठिपके, हनुवटीवर पाच, उजव्या गालावर एक. आपल्या डोंगरातल्या सगळ्याच बायकांना असतं, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. छान दिसत होतीस, एवढं आठवतं. तू मग कधीतरी सांगितलं होतंस, की गोंदणारीण आली तेव्हा तू नऊ-दहा वर्षांची होतीस. आईनं तुझं डोकं मांडीत घट्ट धरलं. तू गोंदणारणीला लाथ मारलीस आणि काजळीचं वाटकं उपडं झालं. आईनं तुला मारलं नाही, गुळाचा खडा तोंडात दिला आणि म्हणाली, “सोनं चोर नेतो, चांदी सावकार नेतो. हे कुणी नेत नाय. हे तुझ्यासंगं वर जातं.”

चोर आणि सावकार. नवऱ्याचं नाव त्या यादीत तुझ्या आईला सुचलं नाही.

ओझरच्या कारखान्यात मी लागलो, क्वार्टर मिळालं, आणि आपण डोंगर उतरून कॉलनीत राहायला आलो. तुला करमायला सहा महिने लागले. मला एक दिवसही लागला नाही. मी गावच्या शाळेत शिकलेला, आयटीआय केलेला माणूस. शर्ट पॅन्टीत खोचून सायकलवर निघालो की मला वाटायचं, आता मी आणि बाकीचे सारखेच. घरी आल्यावर तुझ्याकडे बघितलं की कळायचं, नाही, सारखे नाही. हे मी तुला कधी बोललो नाही. बोलायची गरज होती का? तू भाकरी थापताना वर बघायचीस आणि मी नजर वळवायचो, ते तू बघत होतीसच.

आमच्या साहेबांकडच्या सत्यनारायणाचा दिवस आठवतो? मला नुकतंच प्रमोशन मिळालेलं. मी पुढच्या खोलीत साहेबांच्या ओळखीच्या माणसांत बसलो होतो. तू किरणचा हात धरून दारात आलीस. साहेबांच्या बाई घाईत होत्या, त्यांनी तुझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, बाई, तुम्ही मागच्या दारानं या, चहा तिकडेच ठेवलाय. त्यांना वाटलं, कामाला सांगितलेली बाई उशिरा आली. मी ऐकलं. तू माझ्याकडे बघितलंस. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की ही माझी बायको. दोन पावलांवर दार होतं. मी पोथी ऐकत असल्यासारखे डोळे मिटले.

तू मागच्या दारानं गेलीस. परत येताना तूच म्हणालीस, “चहा मात्र चांगला व्हता हो. आलं घातल्यालं.”

तू हसावं म्हणून बोललीस. मी त्या रात्री जेवलो नाही. राग कुणाचा आला होता मला? बाईंचा नाही. माझा तर नाहीच नाही. तुझा आला होता.

मग मी सुरू केलं. नाशिकला एक प्लास्टिक सर्जन आले होते, आमच्या खात्यातल्या एकाच्या बहिणीच्या भाजलेल्या हाताचं काम त्यांनी केलं होतं. गोंदणही काढतात असं कळलं. मी तुला म्हणालो, किरण आता इंग्रजी शाळेत जातो, तिथं आयांना बोलावतात, पोरं हसतात, त्याला खाली बघावं लागतं. सगळं किरणच्या नावावर. तू तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, किरणला नाय लाज वाटत, त्याला इचारलंत का? मी विचारलं नव्हतं. मला उत्तर माहीत होतं म्हणूनच विचारलं नव्हतं.

महिनाभर मी तेच लावून धरलं. ओरडलो नाही, हात उगारला नाही. मी तसा माणूस नाही, असं मी स्वतःलाच सांगायचो. मी फक्त बोलणं कमी केलं. कॉलनीतल्या हळदीकुंकवाला तू निघालीस की विचारायचो, जायलाच पाहिजे का? शेवटी एक दिवस तूच म्हणालीस, “देवीला इचारा. तिनं हो म्हटलं तर मी कायबी करीन.”

मला वाटलं, सुटलो. मी देवीला मानणारा माणूस. मनापासून मानणारा. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून तुझ्या गावी गेलो. भगतबाबा तेव्हा साठीचे असतील. त्यांनी गावदेवीच्या दगडाला आंघोळ घातली, शेंदूर लावला, उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी हात जोडून प्रश्न मनात धरला. बराच वेळ दोन्ही पाकळ्या तशाच. नंतर डावी सुटली आणि खाली पडली.

मी भगतबाबांना म्हणालो, वारा होता, पुन्हा लावा. ते म्हणाले, देवीला दोनदा इचारत नसत्यात. मी म्हणालो, पाकळी मोठी होती, जड होती. त्यांनी उरलेली पाकळी काढून ठेवली. नंतर एवढंच म्हणाले, “तिनं सांगितलं. आता तू जाण आणि ती जाणे.”

नाशिकपर्यंत जीपमध्ये मी देवीशी भांडत आलो. तुला काय कळतं, तू डोंगरात बसलेली, तुला क्वार्टरमध्ये राहायचंय का, असं काय काय. ओझरला उतरलो तेव्हा दुपार होती. तू दारातच होतीस.

“उजवा,” मी म्हणालो.

एकच शब्द. तू पदर डोक्यावर घेतलास, दिशा बघितलीस आणि डोंगराकडे तोंड करून हात जोडलेस. ते मी पाहिलं. पाहून आत गेलो आणि पाय धुतले.

डॉक्टर भला माणूस होता. त्यांच्यावर माझी काही तक्रार नाही. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. कपाळावरचं कापून टाके घालावे लागतील, हनुवटीवरचं आणि गालावरचं घासून काढू, निळं जाईल पण त्या जागी काहीतरी राहीलच. मग खुर्ची तुझ्याकडे वळवून त्यांनी विचारलं, “बाई, तुमची स्वतःची इच्छा आहे ना? नसली तर आत्ता सांगा, काही बिघडत नाही.” तू हो म्हणालीस. मोठ्यानं म्हणालीस. मला तेव्हा तुझा अभिमान वाटला. आता ते ‘हो’ आठवलं की कानात बोटं घालावीशी वाटतात.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी किरण शाळेतून आला आणि दारातच थांबला. तू हात पुढे केलास. तो माझ्या मागे लपला. दोन दिवस तो तुझ्याजवळ जेवायला बसला नाही. ज्याच्यासाठी म्हणून केलं, तोच. तू म्हणालीस, होईल सवय. त्याला झाली. तुला झाली का, ते मी विचारलं नाही.

कपाळावर एक आडवी शिवण राहिली, त्यात कुंकू भरलं की दोऱ्यासारखं दिसायचं. हनुवटीवर पांढुरका, चकचकीत चट्टा. कॉलनीतल्या बायका आधी विचारायच्या, हे काय गोंदलंय? आता विचारायला लागल्या, भाजलं का हो? वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर तुला एकदा आत बोलावून दार लावलं आणि हळूच विचारलं, नवरा मारतो का? घरी येऊन तू मला ते सांगितलंस आणि खूप हसलीस. म्हणालीस, मी सांगितलं त्यांना, नाय हो, लय देवभोळा माणूस हाय.

लय देवभोळा माणूस. मथुरा, तू ते म्हणालीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं!

आणि तुझी आई. ऑपरेशननंतर आपण पहिल्यांदा गावी गेलो तेव्हा म्हातारी ओट्यावर नागली पाखडत होती. तिनं वर पाहिलं. सूप खाली ठेवलं. मी पुढे होऊन म्हणालो, तिलाच हौस होती, मी किती नको म्हटलं. हे शब्द माझ्या तोंडून गेले, मला नेमके आठवतात. ‘मी किती नको म्हटलं.’ म्हातारी तुला म्हणाली, मी दिल्यालं कापून टाकलंस, आता माझ्याकडून काय न्यायला आलीस? ती त्यानंतर पाच वर्षं जगली आणि तुझ्याशी बोलली नाही. तुझ्या भावजया तुला ‘मडम’ म्हणायच्या. मडमला खाली बसवंल का, मडमला भाकर चालंल का. तू त्यांच्यात बसून चटणी-भाकर खायचीस. म्हातारी गेली तेव्हा तू तिच्या पायाशी बसून होतीस, तोंडाशी जाऊ दिलं नाही कुणी.

प्रत्येक वेळी मी तिथंच होतो, चार माणसांत. एक वाक्य बोललो असतो तर तुझी आई तुला परत मिळाली असती. पाच वर्षांत एक वाक्य! मी नाही बोललो.

तू आजारी पडलीस, कावीळ पोटात उतरली, आणि वीस दिवसांत सगळं संपलं. तुझ्या इच्छेप्रमाणे तुला गावी नेलं. बायकांनी तुला आंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. मग आक्कानं काजळाची डबी घेतली आणि काडीनं तुझ्या कपाळावर चंद्रकोर काढायला लागली. खाली तीन ठिपके. हनुवटीवर पाच. मी पुढे गेलो आणि म्हणालो, आक्का, पुसा ते, कारखान्यातली माणसं आलीत.

हे मी बोललो. तू पुढ्यात निजली होतीस आणि मी हे बोललो.

तिनं वर पाहिलं नाही. गालावरचा ठिपका काढला, डबी मिटली आणि उठली. त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटत राहिलं, बाई अडाणी आहे, काजळावरून रुसली.

रविवारी कळलं, ती कशावरून रुसली ते.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी तू आक्काच्या मुलीच्या लग्नाला गेली होतीस. तिथून तू आक्काला घेऊन आपल्या माहेरच्या गावदेवीकडे गेलीस. देवीनं होकार दिला म्हणून नारळ द्यायला. भगतबाबांनी विचारलं, नारळ कशाचा? तू सांगितलंस. ते म्हणाले, पोरी, कौल तर डावा पडला होता. आक्का म्हणते, तू तिथंच खाली बसलीस. उठलीस ती बऱ्याच वेळानं. नारळ परत नेला नाहीस, फोडलास. भगतबाबांना सांगितलंस, हे कुणाला बोलू नका. आक्का तुझ्यावर चिडली. म्हणाली, आता कशाला जातेस दवाखान्यात, चल, मी येते आणि विचारते त्यांना. त्यावर तू जे बोललीस ते तिनं मला तुझ्याच आवाजात सांगितलं. तुम्हा बहिणींचा आवाज किती सारखा आहे, ते मला रविवारीच कळलं.

“मी नाय म्हटलं तर का म्हणून इचारतील, मग सगळं भायेर येईल. देवीला भिणारा माणूस हाय, आक्का. तरी तिच्या नावानं खोटं बोलला. म्हंजी केवढी लाज वाटत असंल त्यांना माझी. र्‍हाऊ दे. जाते मी.”

त्यानंतरच्या रोजच्या सकाळी मी आठवून बघतोय. मी आंघोळ करून देवापुढं बसायचो. देवीच्या तसबिरीला हार घालायचो. तू स्वयंपाकघरातून येऊन काडेपेटी माझ्या हातात द्यायचीस आणि मी दिवा लावायचो. अकरा वर्षं रोज. त्या वेळी तुला काय वाटायचं? एकदा तरी ती काडेपेटी माझ्या तोंडावर का नाही फेकलीस?

माझा तुझ्यावर राग आहे, मथुरा. हो, आहे. तू मला सांभाळून घेतलंस असं आक्काला वाटतं, किरणला वाटेल, सगळ्यांना वाटेल. पण तू मला ओळखलंस आणि मग कळूच दिलं नाहीस की ओळखलंय. मी अकरा वर्षं तुझ्यासमोर नागडा बसलो होतो आणि तू मला कपडे आहेत असं वागवत होतीस. हा मान होता का? की माझ्याकडून काही होईल ही आशाच तू त्या देवीपुढं सोडून आलीस? पत्रात उत्तर मिळत नाही हे मला कळतं. तरी विचारतो.

मंगळवारी मी किरणला सगळं सांगितलं. नोकरीवरून आला होता, बूटही काढले नव्हते. ऐकून घेतलं त्यानं. शाळेत पोरं हसतात, त्याला लाज वाटते, असं मी तुला म्हणालो होतो हेही सांगितलं. तेव्हा तो बोलला. “मी कधी म्हटलं होतं, बाबा?” एवढंच. मग बूट तसेच घालून बाहेर गेला. रात्री परत आला, तेव्हापासून कामापुरतं बोलतो. मला तक्रार करायला तोंड नाही.

देव्हाऱ्यातला दिवा मंगळवारपासून तोच लावतो. मी लांब बसतो. मला काय अधिकार आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मी पुन्हा मोकळा होऊन पाय पसरून बसेन. ते नको.

पण एक करतो, आणि हे वचन समज. येत्या चैत्रात गावदेवीची जत्रा आहे. तुझं सगळं माहेर तिथं जमतं. तुझे भाऊ, त्या भावजया, तुझ्या आईच्या बरोबरीच्या ज्या दोन म्हाताऱ्या उरल्यात त्या. भगतबाबा आहेत अजून, डोळ्यांना दिसत नाही पण ऐकू येतं. मी आक्काला म्हणालो, मी तिथं उभा राहून सांगणार आहे. वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. ती म्हणाली, “सांगा. इतकी वर्सं तिनं ऐकून घेतलं, आता तुमी ऐका.”

किरण येईल की नाही, माहीत नाही. न आला तरी मी जाईन. आरती झाली, माणसं बसली, की उठेन आणि मोठ्यानं बोलेन. काय बोलायचं ते पाठ करून ठेवलंय, म्हणजे ऐन वेळी मला त्यात काही मिसळता येणार नाही:

मथुरेला हौस नव्हती. देवीनं नको सांगितलं होतं. हो म्हणणारा मी एकटा होतो.

काशिनाथ